आ करा, बोलू नका

आमच्या घरात महाराष्ट्रातले दोन सर्वांत नावडते व्यवसाय एकत्र नांदतात. मी सांगलीत अकरावी-बारावीला गणित शिकवतो आणि ही दातांची डॉक्टर आहे. लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की माणसं माझ्याकडे बघून "अरे बापरे" म्हणतात आणि हिच्याकडे बघून हसायची थांबतात. हसलं की दात दिसतात ना! फरक म्हणाल तर एवढाच, की मुलं माझ्याविषयी जे काय बोलतात ते माझ्या पाठीमागे बोलतात. हिचे पेशंट समोरासमोर, तेही हात जोडून सांगतात, "मॅडम, राग मानू नका, पण तुमच्याकडं यायचं म्हटलं की आदल्या रात्री झोप लागत नाही बघा." दिवसातून सात-आठ वेळा हे ऐकून घ्यायचं आणि वर हसून म्हणायचं, "अहो, घाबरायचं काय त्यात? या, बसा." २२ वर्षं ही हे करते आहे. माझ्या तासाला झोप लागत नाही अशी तक्रार आजवर एकाही विद्यार्थ्यानं केलेली नाही. केलीच तर उलटी करतील.

या धंद्यात संभाषण असतं, पण ते एकाच बाजूनं. पेशंटच्या तोंडात आरसा, कापसाचे बोळे आणि थुंकी ओढणारी सक्शनची नळी एवढं सगळं बसलं की ही विचारते, "मग, मुलगी काय करते आता?" पेशंट म्हणतो, "आँ ऊँ आँआँ." ही म्हणते, "हो का? छान!" मला सुरुवातीला वाटायचं, हिला ही भाषा येते. एकदा विचारलं. म्हणाली, "शब्द कुठले कळायला? सूर कळतो. मुलगी पास झाली की नापास, एवढं सुरावरून समजतं." पण हाच हिशेब उलट्या बाजूनं मांडून बघा. तोंडावर काम चालू असताना पेशंटला डॉक्टरला काही विचारता येत नाही. काम सुरू होण्याआधी तो इतका घाबरलेला असतो की त्याला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ. आणि काम झाल्यावर अर्धा ओठ बधिर झालेला असतो, शिवाय एक पाय दाराबाहेर असतो. म्हणजे "मॅडम, तुम्ही कशा आहात?" हा साधा प्रश्न जिथे बसू शकेल अशी जागाच या व्यवसायात ठेवलेली नाही.

त्याचा परिणाम घरी दिसतो. ही विचारते, "आमटी कशी झालीय?" आणि माझ्या तोंडातला घास खाली उतरायच्या आत स्वतःच म्हणते, "हो का? छान!" गरम भात वाढताना सवयीनं म्हणते, "जरासं लागेल हं, दुखलं तर डावा हात वर करा." मीही आता भात पुरे झाला की डावा हात वर करतो. पाहुण्यांना हा आमच्या घरचा कुळाचार वाटतो.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्यानं म्हटलं होतं, "दात कोरून कुणाचं पोट भरलंय?" ही म्हण आत्यानं रागानं नव्हे, काळजीनं वापरली होती. शिवाय दुसरा प्रश्नही होताच, "मेडिकलला नंबर नव्हता का लागला?" आता खरं तर देश स्वतंत्र झाल्यावर वर्षाच्या आत, १९४८ साली, दंतवैद्यांचा कायदा झाला. म्हणजे या देशाला संविधान मिळायच्या आधी दातांना कायदा मिळाला. तरी आमच्या नातेवाइकांच्या लेखी ही अजून 'तशी डॉक्टरच म्हणायची' आहे. ताप आला की कुणी हिला विचारत नाही आणि कुणी चक्कर येऊन पडलं की मात्र सगळे हिच्याकडे बघतात.

तर पोट भरण्यासाठी आधी खुर्ची लागते. दिवा, पाण्याची पिचकारी, वर-खाली होणारी पाठ असलेली ती खुर्ची हिनं कर्जानं घेतली. आमच्या जिल्ह्यात खुर्चीसाठी माणसं काय काय करतात हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण दरमहा हप्ते भरून खुर्ची मिळवणारी माझ्या माहितीतली ही एकटीच. आणि त्या खुर्चीत ती स्वतः कधीच बसत नाही. ती बाजूच्या चाकाच्या स्टुलावर बसते, मान एका बाजूला वाकवून, कोपर हवेत धरून, कंबर अशा कोनात वळवून की तो कोन मला वर्गातल्या कोनमापकानं मोजता आलेला नाही.

काम काय असतं, तेही मी एकदा बघितलं. दाढेच्या मुळातल्या नळीत ज्या बारीक फाईली घालतात त्यांतली १० नंबरची फाईल टोकाला ०.१ मिलिमीटर असते. वरच्या पहिल्या दाढेला नळ्या तीन दिसतात, पण बहुतेकदा चौथीही असते आणि ती लपून बसते. तिला ही मंडळी एमबी-टू म्हणतात. या एमबी-टूचं नाव मी हिच्या तोंडून झोपेत ऐकलं आहे, माझं अजून ऐकलेलं नाही. वरच्या दाढा बघायच्या त्याही आरशात, म्हणजे डोळ्याला उजवीकडे दिसतं तिकडे हात डावीकडे न्यायचा, आणि त्या हातात मिनिटाला तीन-चार लाख फेरे मारणारं यंत्र. एक फायदा आहे. गाडी रिव्हर्स घ्यावी तर हिनंच. आमच्या सोसायटीच्या अरुंद गेटमधून ही आरशात बघत अशी गाडी काढते की वॉचमन सलाम करतो.

ही सगळी कसरत ज्या गुहेत चालते तिचं दार साधारण तीन बोटं उघडतं. पण आमच्या भागात मावा आणि गुटखा एवढा, की काहींचं एकच बोट उघडतं, गालाच्या आतली कातडी ताठ होऊन गेलेली असते. अशा तोंडात शेवटची दाढ भरणं म्हणजे टपालपेटीच्या फटीतून आत हात घालून पत्रावर सही करण्यासारखं आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते ते मात्र पेशंटला तोंड न उघडताही सांगता येतं.

सण कुठलाही असो, त्याचा शेवट हिच्याकडे होतो. दिवाळीत चकली, कडबोळी आणि कुणाच्या तरी नव्या सुनेचा पहिला लाडू. मग कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दातांचाही होतो, कारण ऊस दातांनीच सोलायचा असतो असा इथल्या साठी उलटलेल्या बागायतदारांचा बाणा आहे. संक्रांतीला तर जग गोड बोलतं आणि हिच्या फोनवर फक्त एकच वाक्य येतं, "मॅडम, कॅप निघाली." चिकट तिळवडीनं उचकटलेली ती कॅप कुणी रुमालाच्या गाठीत आणतं, कुणी हळदीकुंकवाच्या पुडीत. काहींनी ती वडीबरोबर गिळलेली असते. त्यांना ही शांतपणे सांगते, "दोन दिवस लक्ष ठेवा." कशावर, ते फोनवर सांगावं लागत नाही.

आणि ते फोटो! पूर्वी माणूस दुखलं की गालाला हात लावून यायचा. आता रात्री साडेदहाला जबड्याचा फोटो पाठवतो, खाली लिहितो, "हे काय आहे?" आमच्या दोघांचे फोटो एकाच ठिकाणी साठतात. त्यामुळे परवा भाच्याच्या मुंजीचे फोटो मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवत होतो, तर मातृभोजन, भिक्षावळ आणि लगेच पुढे कुणाची तरी सुजलेली हिरडी, भिंतभर. माझी मावशी म्हणाली, "हा मुलाकडचा का?"

सगळ्यांत जीव खाणारे ते अर्ध्यावर पळणारे. रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीत ठणका थांबतो आणि माणूस गायब होतो. आठ महिन्यांनी, बहुधा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, गाल टमाट्यासारखा घेऊन उभा. "अहो, मधे का आला नाहीत?" "दुखायचं थांबलं की ओ मॅडम!" यात युक्तिवाद म्हणून काही चूक नाही. मीसुद्धा तर्कशास्त्र शिकवतो, मला खोडता आला नाही.

हे सगळं विनोदी आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. हिच्या गोष्टी मी शिक्षकांच्या खोलीत सांगून हशाही मिळवायचो. मग साधारण दोन वर्षांपूर्वी गोष्टी येईनाशा झाल्या.

आधी हिच्या बोलण्यात माणसं असायची. "त्या पाटील वाड्यातल्या आजी आल्या होत्या, कवळी नातवानं लपवली म्हणे." नंतर हळूहळू माणसं गेली आणि आकडे आले. दातांना नंबर असतात. तोंडाचे चार भाग, प्रत्येकात आठ. खालची डावी पहिली दाढ म्हणजे थ्री-सिक्स. मी गणिताचा माणूस म्हणून त्याला 'छत्तीस' म्हणालो की आमच्यात लगेच तोच आकडा व्हायचा. "आज दिवस कसा गेला?" विचारलं की उत्तर यायचं, "दोन थ्री-सिक्स, एक टू-सिक्स, संध्याकाळी फोर-एट रडत होता." रडणारा फोर-एट कोण, मुलगा की बाई, कुठून आला, काही नाही. एकदा सख्ख्या चुलतसासूबाईंना ही दारातून आत येताना बघून पुटपुटली, "वन-सिक्स." मी गमतीनं विचारलं, "आणि मी कोण?" म्हणाली, "टू-फाइव्ह. आणि दोनदा तारीख दिलीय, तुम्ही आलेला नाहीत."

मी हसलो. ही हसली नाही. दवाखान्यात हाताखाली काम करणाऱ्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, मॅडम आता पेशंटच्या पोरींची चौकशी करत नाहीत."

गणितवाल्याला अडचण आली की तो सूत्र शोधतो. मी शोधलं. या प्रकाराला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात आणि १९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांकडे बघून त्यावर लिहिलं. पुढे १९८१ साली क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या दोघींनी ते मोजायची प्रश्नावलीच काढली. तीन गोष्टी मोजतात. आतून रिकामं वाटणं, समोरच्या माणसाला वस्तूसारखं वागवू लागणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. दुसरी वाचताना मला रडणारा फोर-एट आठवला.

प्रश्न किती, तर २२. गंमत अशी, की दातांच्या डॉक्टरला घाबरणाऱ्या पेशंटची भीती मोजायची प्रश्नावली त्याच्या आधीच, १९६९ साली, नॉर्मन कोरा यांनी काढली होती आणि तिच्यात प्रश्न फक्त ४ आहेत. म्हणजे खुर्चीतल्या माणसाचं चार प्रश्नांत भागतं, स्टुलावरच्याला बावीस लागतात. आमच्याकडे २२ वर्षांची प्रॅक्टिस, म्हणजे वर्षाला एक असा बरोबर हिशेब बसत होता. मी कागद घेऊन दवाखान्यात गेलो. तिसऱ्या प्रश्नाला ताईंनी दार उघडलं, "मॅडम, पेशंट बसलाय." तो कागद पुढे कुणाची तरी कवळी गुंडाळायला गेला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची नोंद घेतली, पण रोग म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. हे मी आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "रोग नाही ना? मग झालं तर." आणि हिला गरम दूध दिलं. संघटनेकडून त्याच्या पुढचं मार्गदर्शन मलाही सापडलं नाही.

शब्द मात्र मला खटकत राहिला. जळून जाणं हे हिला लागू पडेना. जळलेला माणूस निदान धूर काढतो. ही चिडत नव्हती, ओरडत नव्हती, वेळेवर जात होती, वेळेवर येत होती. एका रात्री कैरीचं ताजं लोणचं खाताना ही म्हणाली, "दात आंबले." आणि मला शब्द सापडला. आपल्याकडे श्रमानं अंग आंबतं, कैरीनं दात आंबतात. दात आंबले की ते पडत नाहीत, किडत नाहीत, आरशात अगदी धड दिसतात. फक्त काही चावावंसं वाटत नाही. मऊ भातसुद्धा नको होतो. हिचं मन आंबलं होतं.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. कुणी म्हणालं प्राणायाम. नाकानं श्वास घ्यायचा. पण ही आयुष्यभर लोकांना "नाकानं श्वास घ्या" हेच सांगत आलेली, तिला ते घरचं काम वाटलं. दंतवैद्यांच्या एका संमेलनात ताणतणावावर व्याख्यान होतं. वक्ते पाऊण तासाऐवजी पावणेदोन तास बोलले, त्यामुळे संध्याकाळच्या सगळ्या अपॉइंटमेंटा ढकलाव्या लागल्या आणि ही रात्री अकराला घरी आली. मी स्वतः सुचवलेला उपाय तारकर्लीचा. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी मी बिल भरताना अभिमानानं बोलून गेलो, की मॅडम डेंटिस्ट आहेत. खानावळीच्या मालकानं माशांची परडी खाली ठेवली, सूर्याकडे तोंड केलं आणि आ वासला. "मॅडम, हय मागे वायच बघा." ही बघायला लागली. आचारी रांगेत मागे उभा राहिला. उजेड मात्र फार चांगला होता, असं ही येताना गाडीत म्हणाली.

त्याच दिवसांत मी वाचनात भरकटत हार्टफर्डच्या होरेस वेल्सपर्यंत पोचलो. तोही दंतवैद्य. १८४४ च्या डिसेंबरात त्यानं हसवणाऱ्या वायूचा करमणुकीचा प्रयोग पाहिला. वायू हुंगून नाचणाऱ्या एकाच्या पायाला लागलं आणि त्याला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी वेल्स स्वतः खुर्चीत बसला, तो वायू घेतला आणि दुसऱ्या एका दंतवैद्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. हसवणाऱ्या वायूवर दात काढणं ही कोटी मराठीत होते, त्या बिचाऱ्यांना तिचा उपयोग नव्हता. पुढे बोस्टनला त्यानं भर सभेत प्रयोग केला, पेशंट ओरडला, आणि लोकांनी भोंदू म्हणून त्याची हुर्यो उडवली. शस्त्रक्रियेतलं दुखणं घालवायची वाट ज्यानं दाखवली, त्याचं स्वतःचं काय दुखतंय ते फारसं कुणी विचारलं नसावं. १८४८ साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तो गेला, आणि फार वाईट रीतीनं गेला. मी हे हिला सांगायला लागलो, तर म्हणाली, "पुढचं नका सांगू. आम्हाला पहिल्या वर्षाला होता."

मग मी थांबलो. वाचायचंही.

गोष्ट हलली ती भलत्याच कारणानं. हिची दाढ दुखायला लागली. दुखायला लागली म्हणजे सहा महिने दुखत होती, ही गोळ्या खाऊन दुसऱ्यांच्या दाढा भरत होती. पेशंटनं असं केलं असतं तर हिनं दाताच्या कण्या केल्या असत्या. शेवटी एका रविवारी मी जबरदस्तीनं गाडी काढली आणि मिरजेला हिच्या कॉलेजमधल्या मैत्रिणीच्या दवाखान्यात नेलं. अंतर दहा किलोमीटर. दोघी एका बाकावर शिकलेल्या, आणि भेट झाली होती ती चार वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी तेराव्याला.

मी बाहेर बसलो. मधे काचेचं दार. ही खुर्चीत आडवी झाली. बावीस वर्षांत हिला त्या कोनात मी पहिल्यांदाच बघत होतो. मैत्रिणीनं दिवा खाली ओढला, आरसा घातला, कापूस घातला, सक्शन लावलं आणि विचारलं, "काय गं, कशी आहेस तू?"

ही म्हणाली, "आँ ऊँ आँआँ."

मैत्रीण "हो का? छान!" म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. ती काही म्हणाली नाही. तिनं हातातलं यंत्र खाली ठेवलं. जरा वेळ तशीच बसली आणि मग बोलायला लागली. भाडं वाढवणारा गाळामालक, सोडून गेलेली असिस्टंट, आठ महिन्यांनी परत आलेले गाल, समोरच्या इमारतीत उघडलेला आणि पहिली तपासणी फुकट देणारा नवा दवाखाना, उजवा खांदा, रात्री तीनला उघडणारे डोळे. हात कामाला लागले तरी तोंड थांबेना. अर्ध्या तासाच्या फिलिंगला दीड तास लागला. ही मधूनमधून "ऊँ" म्हणत होती. सूर मला बाहेर कळत होता.

संपल्यावर ही उठली, गुळणी केली, आणि अर्धा ओठ बधिर, त्यामुळे बोबड्या आवाजात म्हणाली, "आता तू झोप. तुझं क्लीनिंग कलून तेते." मैत्रीण निमूट खुर्चीत आडवी झाली. मी बाहेर शेजारच्या गाड्यावर दोन चहा आणि एक वडापाव खाऊन आलो, तरी ही बोलतच होती.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी हे ठरलेलं आहे. एकदा मिरज, एकदा सांगली. दोघींनी अक्कलदाढा कधीच काढून टाकलेल्या, म्हणजे दोघींचे मिळून दात ५६. गेल्या सात महिन्यांत त्या ५६ दातांची जेवढी तपासणी झाली तेवढी अख्ख्या सांगली जिल्ह्यात कुणाची झाली नसेल. नवीन एकही कीड सापडलेली नाही. मैत्रिणीच्या यजमानांनी मला फोनवर हळूच विचारलं, "या दोघी नेमकं साफ काय करतात हो?" मी म्हटलं, चालू दे.

घरी आकडे अजून येतात, नाही असं नाही. पण परवा जेवताना ही म्हणाली, "आज तो थ्री-सिक्स आला होता, त्या पाटील वाड्यातल्या आजींचा नातू. तोच, कवळी लपवणारा. त्याचीच दाढ किडलीय." मी डावा हात वर केला. हिनं विचारलं, "भात पुरे?" मी म्हटलं, "नाही, पुढे सांग."

या रविवारी परत येताना कृपामयीच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली. मी सहज विचारलं, "काय म्हणत होती मैत्रीण?"

"ती काय म्हणणार?" ही आरशात मागचा ट्रक बघत म्हणाली. "तिच्या तोंडात सक्शन होतं."